इग्वाना आणण्याआधी त्याचं घर: नाशिकच्या हवेत चालणारा पिंजरा

हिरव्या इग्वानाचं विकायला आलेलं पिल्लू शेपटीसकट जेमतेम वीतभर असतं. दोन फुटी काचेच्या टाकीत ते आरामात मावतं, म्हणून बहुतेक जण आधी पिल्लू आणतात, टाकी घेतात आणि ‘मोठं झालं की बघू’ म्हणतात. बघायची वेळ वर्षभरातच येते. नीट खाणारं पिल्लू पहिल्या वर्षात दोन-अडीच फुटांपर्यंत जातं, तीन-चार वर्षांत चार फुटांच्या पुढे, आणि पूर्ण वाढीचा नर पाच ते सहा फूट भरतो. वजन चार ते सहा किलो. यातली दोन तृतीयांश लांबी शेपटीची. नीट सांभाळला तर पंधरा वर्षं जगतो, कधी वीससुद्धा. म्हणून आम्ही क्रम उलटा धरला: आधी पूर्ण वाढीच्या जनावराला पुरेल असं घर, मग ते रिकामं चालवून बघणं, आणि सगळे आकडे जमले की मगच जनावर.

हा प्राणी मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, पाण्याकाठच्या दमट झाडीत उंच फांद्यांवर राहणारा. नाशिकची हवा त्याला वर्षातून तीनदा नको ती. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या खाली येतो, निफाड-ओझरकडे आणखी खाली. मार्च ते मे दुपारी हवा ठणठणीत कोरडी आणि पारा चाळिशीच्या आसपास. जून ते सप्टेंबर ढग असतात, ऊन मिळत नाही आणि ओल हटत नाही. मुंबईच्या फ्लॅटमध्ये उत्तम चाललेला पिंजरा तसाच्या तसा इथे उभा केला तर पहिल्याच जानेवारीत उघडा पडतो. म्हणून आमच्या पिंजऱ्यात ऋतूप्रमाणे बदलता येणाऱ्या गोष्टी जास्त आहेत, आणि खर्चही मुख्यतः तिथेच झाला.

आधी माप. पुष्कळ ठिकाणी किमान माप म्हणून सहा फूट लांब, तीन फूट खोल, सहा फूट उंच असं सांगितलेलं असतं. प्लायच्या दुकानात कागदावर कटिंग मांडून बघा. शीट आठ बाय चारची येते. ६×३×६ चा पिंजरा केला तर पाठ, दोन बाजू, तळ आणि छत मिळून ६×३ चे सहा तुकडे लागतात. एका शीटमधून असा एकच तुकडा निघतो, बाकी फुटभर रुंदीच्या पट्ट्या आणि कोपरे उरतात. म्हणजे सहा शीट. आता ८×४×६ मांडा. तळाला एक पूर्ण शीट, छताला एक. दोन बाजूंना ४×६ चे दोन तुकडे, म्हणजे दोन शीट, आणि प्रत्येकीतून ४×२ चा तुकडा उरतो, तो फळ्यांना कामी येतो. पाठीला ८×६ हवं, त्यासाठी एक अख्खी शीट आणि सहावीतून ८×२ ची पट्टी. सहावीतली उरलेली ८×२ फाडून पुढच्या दर्शनी चौकटीच्या पट्ट्या. इथेही सहाच. तेवढ्याच लाकडात तळाची जागा १८ चौरस फुटांवरून ३२ वर जाते. भिंतीला आठ फूट मोकळे असतील तर लहान पिंजरा बांधण्यात काहीच वाचत नाही. शिवाय चार फूट खोली असली की मोठं जनावर शेपूट न दुमडता वळू शकतं. तीन फुटांत शेपटीचं टोक सारखं भिंतीला घासतं आणि तिथली कातडी काळी पडायला लागते.

लाकूड म्हणून आम्ही १८ मिलिमीटरचा बीडब्ल्यूपी (उकळतं पाणीही सोसणाऱ्या) दर्जाचा, आयएस ७१० शिक्क्याचा प्लाय घेतला. साधा कमर्शियल प्लाय फवाऱ्याच्या पाण्याने एका पावसाळ्यात फुगतो. पीव्हीसी फोम बोर्ड पाण्याला भारी, पण स्क्रू धरत नाही आणि उष्णतेच्या दिव्याजवळ मऊ पडून वाकतो. सहा शीटचं वजन साधारण दोनशे किलो होतं. काचा, फांद्या, पाणी धरून सव्वातीनशेपर्यंत जातं. ते बत्तीस चौरस फुटांवर पसरतं, घराच्या स्लॅबला त्याची चिंता नाही. चिंता दाराची. चार फूट खोल पिंजरा तयार करून तीन फुटी दारातून आत जात नाही, आणि अख्खी शीट लिफ्टमध्येही जात नाही. शीट दुकानातच कापून घ्या आणि जोडणी त्याच खोलीत करा. मिस्त्रींना आधीच सांगायचं की खिळे आणि फेविकॉलने कायमचं जोडायचं नाही. कोपऱ्यांना आतून एल-पट्टी आणि ८ मिलिमीटरचे नट-बोल्ट. घर बदलायची वेळ आली तर सुटं करता येतं. खाली सहा इंचांचं लोखंडी स्टँड. हिवाळ्यात फरशीचा गारवा तळाला लागत नाही आणि खालून झाडता येतं.

आतल्या बाजूला एपॉक्सी किंवा पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंगचे दोन हात, आणि कडांना तीन. पाणी शीटच्या पृष्ठभागातून फारसं शिरत नाही, कापलेल्या कडेतून शिरतं. तळाला जाड व्हिनाइलची फ्लोअरिंग शीट, चारही बाजूंनी दोन इंच वर वळवून सिलिकॉनने बंद. सिलिकॉन बुरशीनाशक न घातलेलं घ्यायचं. हे सगळं झाल्यावर दोन-तीन आठवडे पिंजरा उघडा ठेवून, दिवसातून काही तास दिवे लावून वास जाऊ द्यायचा. थंड असताना वास येत नाही, दिवे लागले की येतो. त्यामुळे नुसतं उघडं ठेवून नाकाने दिलेलं प्रमाणपत्र फसवं असतं.

पिंजरा कुठल्या भिंतीला लावायचा हे नाशिकमध्ये उन्हाळा ठरवतो. पश्चिमेची बाहेरची भिंत टाळा, आणि वरच्या मजल्याचा फ्लॅट असेल तर स्लॅबखालची सर्वांत गरम खोलीही टाळा. स्वयंपाकघराशेजारी फोडणीचा धूर, देवघराशेजारी धूप-अगरबत्ती आणि झोपायच्या खोलीत मच्छरची कॉइल. तिन्ही ठिकाणं बाद. घरात पेस्ट कंट्रोल करायचं असेल तर जनावर दोन-तीन दिवस दुसऱ्या घरी न्यावं लागेल, ही सोय आधीच लावून ठेवलेली बरी.

पुढच्या बाजूला काच की जाळी, हा वाद आम्ही हवामानावर सोडवला. पूर्ण जाळीचा पिंजरा मार्चमध्ये ओल धरत नाही आणि जानेवारीत ऊब धरत नाही. म्हणून पुढे ५ मिलिमीटरची काच, अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत, बिजागरीवर उघडणारी तीन दारं. सातपूर-अंबडच्या फॅब्रिकेटरांकडे खिडकीचं सेक्शन वापरून असं काम सहज होतं. सरकत्या काचा स्वस्त पडतात, पण खालच्या खाचेत पाला आणि विष्ठा अडकून त्या जाम होतात, आणि दोन काचांमधल्या फटीत लहान पिल्लाचं डोकं जातं. दारांना वर-खाली दोन कड्या हव्यात. मोठा इग्वाना काचेवर अंग टाकतो. खालच्या आठ-दहा इंचांवर फ्रॉस्टेड फिल्म लावा. आरपार काच त्याला अडथळा वाटतच नाही, तो नाक घासत राहतो आणि नाकाच्या शेंड्यावर जखम होते. ती बरी व्हायला महिने जातात आणि काच तशीच राहिली तर पुन्हा होते.

दारांखाली आठ फूट लांब, चार इंच रुंद जाळीची पट्टी आणि पाठीच्या वरच्या टोकाला तशीच तीन इंचांची. खालून गार हवा आत येते, गरम हवा वरून बाहेर जाते. दोन्हींना सरकती झाकणं बसवली आहेत आणि ऋतूप्रमाणे पिंजरा बदलतो तो मुख्यतः याच झाकणांनी. थंडीत झाकणं पाऊण बंद. पावसाळ्यात पूर्ण उघडी, वर कॉम्प्युटरमधला १२ व्होल्टचा छोटा पंखा बाहेरच्या दिशेने हवा ओढणारा. जाळी अर्ध्या इंची वेल्डेड, पीव्हीसी कोटिंगची. कोंबडी-जाळीच्या षटकोनात नखं अडकून उपटली जातात.

आता उष्णता. इथे सर्वांत जास्त गडबड होते, कारण ‘पिंजरा ३० अंश’ असा एकच आकडा लोक डोक्यात धरतात. इग्वानाला एक आकडा नको, उतार हवा. ऊन खायच्या फळीवर ३५ ते ३८ अंश, त्याच पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला २६-२७, आणि रात्री कुठेही २२ च्या खाली नाही. अंग तापलं तरच त्याचा पाला पचतो. गार इग्वाना खातो, पण ते पोटात तसंच पडून राहतं. फळी साडेतीन-चार फूट उंचीवर, फूट-सव्वा फूट रुंद. तिच्यावर ७५ ते १०० वॅटचे दोन पसरट हॅलोजन फ्लड शेजारी-शेजारी. दोन कशासाठी? एकाच दिव्याने मोठ्या जनावराच्या पाठीवर तळहाताएवढा भाग भाजतो आणि बाकीचं अंग गारच राहतं, मग ते ऊब मिळवायला तिथून हलत नाही आणि पाठ पोळते. दोन दिव्यांत पोट-पाठ मिळून दीड फूट एकसारखं तापतं.

फळीचं तापमान मोजून थांबू नका. जनावराची पाठ फळीपेक्षा चार इंच वर, म्हणजे दिव्याच्या चार इंच जवळ असते. विटेच्या उंचीचा लाकडी ठोकळा फळीवर ठेवून अर्ध्या तासाने इन्फ्रारेड थर्मामीटरने ठोकळ्याचा माथा मोजा. तो ३८ च्या वर गेला तर दिवा वर घ्या किंवा डिमरने कमी करा. आमच्या पिंजऱ्यात दिवा-फळी अंतर पंचेचाळीस सेंटिमीटरच्या आसपास जमलं, पण दिव्याच्या कोनाप्रमाणे ते बदलेल.

रात्रीसाठी प्रकाश न देणारे सिरॅमिक हीटर, १५० वॅटचे दोन. यांचा पृष्ठभाग दोनशे अंशांच्या वर जातो. होल्डर चिनीमातीचाच हवा. बेकेलाइटचा होल्डर काही आठवड्यांत ठिसूळ होऊन तडकतो. आणखी एक अडचण: सिरॅमिक हीटर स्क्रूच्या तोंडाचे, ई-२७ मापाचे येतात, आणि आपल्याकडचे साधे होल्डर पिनचे. मध्ये प्लॅस्टिकचा अ‍ॅडॉप्टर लावून वेळ भागवायचा मोह टाळा. पोल्ट्रीचं साहित्य विकणाऱ्या दुकानात ब्रूडरसाठीचे स्क्रूचे चिनीमातीचे होल्डर मिळतात. तिथेच मिळणारे लाल इन्फ्रारेड बल्ब मात्र रात्री लावू नका. लाल असला तरी तो प्रकाशच, झोप मोडतो. प्रत्येक हीटर आणि दिव्याभोवती सगळ्या बाजूंनी चार-पाच इंच सोडून वेल्डेड जाळीचा पिंजरा. इग्वाना गरम दिव्याला पोट लावून बसतो आणि कातडी भाजली तरी लगेच बाजूला होत नाही. ‘हीट रॉक’ म्हणून विकले जाणारे गरम दगड तर घेऊच नका, पोटाच्या भाजण्याचं ते ठरलेलं कारण आहे.

नियंत्रणासाठी एसटीसी-१००० नावाचा रिले-थर्मोस्टॅट पुरतो. अंडी उबवणाऱ्यांकडे तोच असतो. २४ वर लावायचा, एक अंशाचा फरक. त्याचं सेन्सर जनावराच्या झोपायच्या फांदीच्या उंचीवर क्लिपने घट्ट बांधायचं. ते सुटून तळाशी पडलं तर तळाची गार हवा मोजत राहतं, हीटर बंदच होत नाही आणि वर भट्टी होते. दुसरा धोका रिलेचा, म्हणजे त्यातल्या वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचा: स्वस्त रिलेचे संपर्क कधीकधी चालू स्थितीतच चिकटतात. म्हणून हीटरच्या वायरीत दुसरा, स्वतंत्र थर्मोस्टॅट मालिकेत जोडलेला आहे, ३४ वर तोडणारा. त्याचं सेन्सर छताजवळ. पहिला फसला तरी दुसरा वीज तोडतो. या दुसऱ्याला वायरमन ‘कशाला उगीच’ म्हणतात. म्हणू द्या.

एकूण भार बघितला तर दोन यूव्हीबी (अतिनील किरणांच्या) ट्यूब १०८ वॅट, दोन फ्लड १५० ते २००, दोन सिरॅमिक ३००. सगळे एकदम लागले तरी तीन अँपिअरच्या आत. ६ अँपिअरचा पॉइंट पुरतो, पण तो भिंतीतला हवा, लटकणारा एक्स्टेन्शन बोर्ड नको. फवाऱ्याचं पाणी आणि वीज शेजारी असल्यामुळे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की ती तोडणारा स्विच, लावायचाच. सगळ्या वायरी पिंजऱ्याबाहेरून. आत फक्त होल्डर. बाहेरची वायर आत शिरण्याआधी खाली एक झोळ घेऊन वर चढवायची, म्हणजे वायरीवरून वाहणारं पाणी झोळात गळतं.

नाशिकच्या थंडीला तीनशे वॅट पुरतील का, हे जूनमध्ये पिंजरा बांधणाऱ्याला कसं कळावं? त्याला एक सोपा हिशोब आहे. रात्री दोन्ही थर्मोस्टॅट बाजूला काढून दोन्ही हीटर सलग चालू ठेवा, झाकणं थंडीच्या स्थितीत पाऊण बंद. चार-पाच तासांनी, आकडा स्थिर झाला की खोलीचं आणि पिंजऱ्याचं तापमान लिहा. अर्थात पिंजरा रिकामा असताना, आणि तुम्ही जागे असताना. खोली २६ आणि पिंजरा ३६ आला तर चढ दहा अंशांचा. हा चढ हिवाळ्यातही साधारण तेवढाच राहतो. जानेवारीत तुमची खोली १६ वर जात असेल तर पिंजरा २६ वर राहील, म्हणजे दोन-चार अंश हातात. चढ सहाच आला तर हीटर वाढवण्याआधी उष्णता कुठून पळते ते बघा. बहुतेक वेळा छताच्या सांध्यातून आणि काचांतून. पाठीला व बाजूंना बाहेरून इंचभर थर्माकोल, दिव्यांच्या जागेपासून लांब, आणि रात्री काचेवर जाड चादर, एवढ्याने दोन-तीन अंश मिळतात.

वीज गेली तर? दीडशे अँपिअर-तासाच्या बॅटरीचा घरगुती इन्व्हर्टर तीनशे वॅटवर साडेतीन-चार तास तग धरतो. त्याहून लांबलं तर वरची-खालची झाकणं पूर्ण बंद, टॉवेलात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या पिशव्या तळाला, आणि काचेवर रजई. बिलाचं म्हणाल तर दिवसाचे दिवे बारा तासांना सुमारे तीन युनिट, म्हणजे महिन्याला नव्वदच्या घरात. हिवाळ्यात रात्रीचे साठेक जास्त. महावितरणचा शंभर युनिटांचा टप्पा ओलांडला की दर चढतो, हे घरच्यांना आधी सांगून ठेवा.

मे महिन्यात उलटी कसरत. खोलीच ३६ झाली तर पिंजऱ्याला गार बाजू उरत नाही आणि इग्वाना तोंड उघडून श्वास घ्यायला लागतो. तेव्हा फ्लड दुपारी चार तास टायमरने बंद, यूव्हीबी चालू, झाकणं उघडी आणि खोलीत कूलर. कूलरचा झोत थेट पिंजऱ्यावर नको. हाच कूलर कोरड्या हवेला ओलही देतो.

यूव्हीबीवर तडजोड चालत नाही. २९० ते ३१५ नॅनोमीटरच्या किरणांनी कातडीत ड-३ जीवनसत्त्व तयार होतं, त्याशिवाय खाल्लेलं कॅल्शियम हाडांत जात नाही. मग जबडा मऊ पडतो, पाय सुजल्यासारखे दिसतात, पाठीचा कणा वाकतो. ही हाडं पुन्हा सरळ होत नाहीत. हवी ती ट्यूब टी-५ एचओ, चार फुटी, ५४ वॅट, बारा टक्के यूव्हीबीची, मागे चकचकीत रिफ्लेक्टर. वळणाचे छोटे सीएफएलसारखे बल्ब मोठ्या पिंजऱ्याला अपुरे. ट्यूब छताला, उष्ण बाजूच्या अर्ध्या भागावर, पाठीच्या पातळीपासून चाळीस ते पन्नास सेंटिमीटर वर. मध्ये बारीक जाळी असेल तर ती तिसरा हिस्सा अडवते, मग अंतर तेवढं कमी करा. बाजूने लावलेली ट्यूब डोळ्यांत जाते. मीटर मिळाला तर पाठीच्या पातळीवर यूव्ही निर्देशांक ३ ते ५ हवा. मीटर महाग आहे, दोन-चार पाळणाऱ्यांनी मिळून घ्यावा. ट्यूब दिसायला छान पेटत असली तरी वर्षाने बदला. दिसणारा प्रकाश टिकतो, यूव्हीबी आधी उतरतं.

इथे एक गंभीर धोका आहे. इलेक्ट्रिकच्या दुकानात नुसती ‘यूव्ही ट्यूब’ मागितली तर वॉटर प्युरिफायरमधली हातात येते. ती यूव्हीसी असते, जंतू मारण्यासाठीची. तिच्याखाली काही तासांत जनावराचे डोळे भाजतात आणि तुमचेही दुखावतात. खोक्यावर यूव्हीबीची टक्केवारी छापलेली नसेल तर ती घ्यायची नाही.

काचेतून यूव्हीबी येत नाही; बाल्कनीच्या बंद काचेमागे दिवसभर ‘ऊन’ खाऊनही उपयोग शून्य. खरं ऊन फुकट आणि सर्वोत्तम. गच्चीसाठी ३×२×३ फुटांचा हलका जाळीचा पिंजरा वेगळा करा, अर्धा तागाच्या पोत्याने झाकलेला. ऑक्टोबर ते मार्च सकाळी साडेआठ ते साडेदहा, एप्रिल-मेमध्ये नऊच्या आत. समोर बसून राहायचं: घारी आणि बोके असतात. काचेची टाकी उन्हात कधीच ठेवू नका, पंधरा-वीस मिनिटांत आतला प्राणी दगावतो. पावसाळ्याचे चार महिने मात्र सगळी भिस्त ट्यूबवर.

ओलीचं लक्ष्य दिवसभरात ६५ ते ७५ टक्के. मार्च-एप्रिलच्या दुपारी नाशिकची बाहेरची हवा वीस-पंचवीस टक्क्यांवर असते. सतत कोरड्यात राहिला तर कातीचे वळे बोटांवर आणि शेपटीच्या टोकावर अडकतात, रक्तपुरवठा तुटून टोक वाळतं. आत मूत्रपिंडं हळूहळू खराब होतात, आणि ते दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. हाताने बाटली फवारून हे जमत नाही. पॉलिहाउसवाल्यांकडचा चौमुखी फॉगर आपल्याकडे सहज मिळतो, पण तो तासाला पंचवीस-तीस लिटर ओततो, पिंजऱ्याचं डबकं होतं. आरओ फिल्टरचा २४ व्होल्टचा बूस्टर पंप, पाव इंची आरओ पाइप आणि ०.३ मिलिमीटरची मिस्ट नोझल तीन-चार. हा जुगाड शांत, स्वस्त आणि सुटे भाग कुठेही मिळणारा. टायमरवर सव्वा मिनिट, दिवसातून चारदा. शेवटचा फवारा संध्याकाळी चारच्या आत, म्हणजे थंडीच्या रात्रीआधी फांद्या सुकतात. बोअरचं पाणी वापरलं तर नोझल आठवडाभरात पांढऱ्या क्षाराने बुजतात. आरओचं पाणी वापरा. नळाचं, गंगापूर धरणाचं, वापरायचं तर महिन्याला नोझल व्हिनेगरमध्ये भिजवा.

हायग्रोमीटरवर, म्हणजे ओल मोजणाऱ्या यंत्रावर, डोळे मिटून विश्वास ठेवू नका. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ओलं होईल एवढंच पाणी घाला, ते आणि हायग्रोमीटर हवाबंद डब्यात आठ तास ठेवा. ७५ टक्के दिसायला हवेत. ६८ दिसले तर तुमचं यंत्र सात कमी दाखवतं, तेवढे मिळवून वाचायचं.

पावसाळ्यात हेच उलटं. फवारा एकदाच, पंखा चालू. ओल ८५ च्या वर अडकून राहिली की पोटाखाली तपकिरी फोड येतात, कोपऱ्यात बुरशी धरते.

फांद्या पेरूच्या किंवा चिंचेच्या, जनावराच्या अंगाएवढ्या जाड, म्हणजे शेवटी तीन-चार इंच व्यासाच्या. पेरूच्या बागेत छाटणीनंतर हव्या तेवढ्या मिळतात. ब्रशने घासून आठवडाभर कडक उन्हात वाळवा. द्राक्षबागेतली काडी आणि पाला मात्र नको, कितीही फुकट मिळाला तरी. दिंडोरी-निफाडच्या बागांवर वर्षभर औषधांच्या आणि बोर्डो मिश्रणाच्या फवारण्या असतात. कण्हेर, रुई, अडेनियम यांची काडीही आत जाऊ नये. बांबू गुळगुळीत असतो, त्यावर काथ्याची दोरी गुंडाळतात. दोरी सुटून तिचे धागे बोटांना आवळतात, तेव्हा गुंडाळायचीच तर जाड आणि दर आठवड्याला तपासून. फांदी बाहेरून बोल्टने पक्की करा आणि वीस किलोचा तांदळाचा कट्टा टांगून बघा. सहा किलोचं जनावर उडी मारून येतं तेव्हा भार त्याच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त पडतो.

तळाला वर्तमानपत्र. कोकोपीट, वाळू, लाकडाचा भुसा काहीच नको; इग्वाना जीभ लावून जग ओळखतो आणि जे चिकटतं ते गिळतो. पाण्याला दोन फूट बाय दीड फुटांचा प्लॅस्टिकचा टब. तो त्यातच शी करणार, हे गृहीत धरा. एका अर्थी बरंच, सफाई एका जागी होते. टब रोज बाथरूममध्ये धुवायचा, स्वयंपाकघराच्या बेसिनमध्ये नाही, कारण विष्ठेतला साल्मोनेला हा माणसाचं पोट बिघडवणारा जंतू. कुंडीतली जास्वंद आत ठेवली तर शोभाही होते आणि ती खातोही. खाण्याची यादी इथे लांबवत नाही: शेवग्याचा पाला, लसूणघास, तुतीची पानं, जास्वंद, लाल भोपळा, पालक क्वचित, अंडं आणि मांस कधीच नाही.

कागदांचं काम पिंजऱ्याइतकंच आधी समजून घ्या. इग्वाना साइटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, असे प्राणी आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले. २८ फेब्रुवारी २०२४ च्या नियमांप्रमाणे जनावर ताब्यात आल्यापासून तीस दिवसांत केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणीचा अर्ज करावा लागतो. तो राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. विक्रेत्याकडे त्या जनावराची नोंदणी आणि हस्तांतराचे कागद नसतील तर पैसे द्यायचे नाहीत. नोंदणीची प्रत पिंजऱ्याजवळ ठेवा. शेजारच्यांना इग्वाना म्हणजे घोरपडच वाटते. घोरपड पहिल्या अनुसूचीतली, ती पाळणं गुन्हा, आणि कोणी वन खात्याला फोन केला तर तुमच्या तोंडी खुलाशापेक्षा तो कागद उपयोगी पडतो.

मग रिकामी चाचणी, निदान दोन आठवडे. वहीत पाच जागा: ऊन खायची फळी, गार टोक, झोपायची फांदी, तळ, आणि खोली. वेळा पाच: पहाटे सहा, दहा, दोन, सहा, रात्री दहा. पहाटे सहाचा आकडा सर्वांत महत्त्वाचा आणि तोच लोक चुकवतात. या काळात एकदा मुद्दाम मेन स्विच बंद करून बघा: दोन तासांत पिंजरा किती उतरतो ते कळतं, आणि वीज परत आल्यावर टायमर बरोबर वेळेवर येतात की बारापासून सुरू होतात तेही. बॅटरी नसलेले स्वस्त टायमर जेवढा वेळ वीज नव्हती तेवढे मागे राहतात, आणि असे दोन-तीन प्रकार झाले की दिवे भलत्याच वेळी लागतात.

पिल्लू आणल्यावर आठ फुटांत ते सुरुवातीला हरवतं आणि खाण्याची वाटी शोधत नाही. म्हणून आम्ही मधे बसणारं काढतं पार्टिशन केलं. उष्ण बाजूच चार फुटांत बसते, दुसरं टोक बंद राहतं. या अर्ध्या भागातही उतार उरतो ना, हे पार्टिशन बसवून पुन्हा मोजावं लागतं, कारण कोंडलेली हवा दोन-तीन अंश जास्त तापते. फळी पिल्लासाठी थोडी खाली घ्या, वाटी फळीजवळच ठेवा. पहिले दहा-बारा दिवस हात लावायचा नाही. खाणं, पाणी, टब, बस्स. त्याच दिवसांत विष्ठेचा ताजा नमुना स्वच्छ डबीत घालून सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरांकडे जंतांच्या तपासणीला द्या. असे डॉक्टर सगळ्या दवाखान्यांत नसतात, म्हणून पिंजऱ्याला दुसरा हात मारून वाळत ठेवलाय त्या दिवसांतच फोन करून विचारून ठेवा.